गंजलेली एफसी पिकअप आणि तिच्या अंगावरचा पन्नास वर्षांचा हिशोब



या पानावर एरवी पाणी, खत, रोगराई आणि बाजारभावाच्या नोंदी असतात. आजची नोंद एका गाडीची आहे आणि जरा लांब आहे, तेव्हा निवांत वेळ काढून वाचा.

महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप आमच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये २००३ पासून उभी होती. सपाट तोंडाची, पुढे नाक नसलेली, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसतो ती गाडी. गेले तीन उन्हाळे मी आणि मुलगा मिळून ती घरच्या घरी उभी करतोय. नांगर, मोट, पाभर, बैलगाडी यांच्यावर लोकांनी लिहिलं, काही संग्रहालयात ठेवलं. त्यानंतरचा जो काळ आहे, डिझेल इंजिनाचा, ट्रॅक्टरचा, पिकअपचा, तो मात्र आपल्या डोळ्यांदेखत किलोवर भंगारात चाललाय. आणि जो कुणी हौसेने गाडी नीट करायला घेतो, तो पहिल्याच दिवशी ग्राइंडर लावून तिच्यावरच्या सगळ्या खुणा उडवून टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, गंज काढायच्या आधी गाडी वाचून घ्या. कशी वाचायची आणि आमच्या गाडीत काय सापडलं, ते सांगतो.

पिकअप आली कुठून

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला शेतकरी मोटार घ्यायचा ती माणसं बसायची. माल न्यायचा तर मागची सीट काढून गावच्या लोहार-सुताराकडून पेटी ठोकून घ्यायची. हे इतकं सर्रास व्हायला लागलं की फोर्ड कंपनीने स्वतःच ती पेटी बसवून द्यायचं ठरवलं. एप्रिल १९२५ मध्ये मॉडेल टी गाडी मागच्या लोखंडी हौद्यासकट बाजारात आली. किंमत २८१ डॉलर. पहिल्या वर्षात सुमारे ३४ हजार गाड्या खपल्या. कारखान्यातून तयार निघालेल्या पिकअपचा जन्म हाच धरतात.

म्हणजे पिकअप ही मुळात शेतकऱ्याने गाडी कापून केलेली वस्तू. कारखान्याने ती नंतर उचलली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

दुसरा धागा जीपचा. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिली गाडी करून दिली. नंतर विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. विलीजचा मोठेपणा इंजिनात होता. १३४ घन इंचाचं, म्हणजे सुमारे २,२०० सीसीचं चार सिलिंडर इंजिन. सिलिंडरचा व्यास कमी आणि दट्ट्याची चाल लांब, त्यामुळे कमी फेऱ्यांतही ओढ चांगली.

युद्ध संपल्यावर एवढ्या जीपा घेणार कोण? विलीजने १९४५ मध्येच मोर्चा शेतकऱ्याकडे वळवला. सीजे-२ए या साध्या नागरी जीपला नांगर, कुळव, मागे पीटीओ असं सगळं जोडता येईल असं सांगून ती विकायला काढली. ट्रॅक्टर, मालगाडी, पंपाला लागणारी ताकद आणि घरची गाडी, चारही कामं एकीत. नांगरटीत तिला खऱ्या ट्रॅक्टरची बरोबरी करता आली नाही, पण माल ओढायला आणि चिखलातून बाहेर पडायला तिच्यासारखी गाडी नव्हती. १९४७ मध्ये विलीजने जीपच्या धर्तीवर पिकअप काढली, आणि १९५७ सालच्या मॉडेलांत आली एफसी-१५०.

हिची युक्ती साधी होती. जीपचीच ८१ इंची चेसी घ्यायची, केबिन इंजिनाच्या वर चढवायची, म्हणजे मागे हौद्याला जागा मिळते. जेमतेम ८१ इंच चाकअंतरावर सव्वासहा फुटाच्या आसपास लांबीचा हौदा बसला. गाडी आणि माल मिळून वजनाची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे अंदाजे २,२७० किलो. अरुंद वाटेला वळायला ही गाडी सोन्यासारखी. तोटा एवढाच की इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या माणसाच्या मधे, त्यामुळे उन्हाळ्यात भट्टीशेजारी बसल्यासारखं वाटतं.

ती आपल्याकडे कशी पोचली

१९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. धंदा पोलादाच्या व्यापाराचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इथे कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीजच्या जीपा सुट्या भागांत बोटीने मुंबईला यायच्या आणि माझगावला जोडल्या जायच्या.

नव्या सरकारचं धोरण होतं की नुसती जोडणी करून चालणार नाही, भाग इथेच बनले पाहिजेत. १९५३ च्या सुमारास हे पक्कं झालं तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनी इथलं जोडणीचं काम बंद केलं. महिंद्रा थांबली आणि एकेक भाग इथे बनवायला लागली. १९६५ पासून एफसी-१५० इथे बनू लागली. अमेरिकेत तिचा काळ तेव्हा संपतच आला होता. तिकडे जी गाडी जुनी ठरली ती आपल्याकडे नवी म्हणून आली आणि परवान्याच्या राजवटीत बाजारात दुसरं फारसं काही नसल्यामुळे पुढे बरीच वर्षं टिकली. यात हसण्यासारखं काही नाही. जी गाडी गावचा फिटर पान्या-हातोडीवर खोलू शकतो, ती आपल्या रस्त्यांना आणि आपल्या खिशाला धरून होती.

रंगाचे थर

आता आमच्या गाडीकडे येतो. ती १९७१ ची. वडिलांनी १९७९ मध्ये एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. नंबर जुन्या पद्धतीचा आहे, एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर १९८९ मध्ये आली, त्यामुळे पाटीवरूनच गाडीचा काळ कळतो.

रंग वाचायची पद्धत सांगतो. दारावर रुपयाएवढी जागा घ्यायची. आधी २२० नंबरचा, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासायचं. कडेला कमी, मध्यभागी जास्त. झाडाच्या खोडाला वर्षाची कडी दिसतात तशी रंगाची कडी दिसायला लागतात. आमच्या दारावर वरून हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी आणि तळाला शेंदरी अस्तर निघालं. राखाडी सरकारी खात्याचा. निळा वडिलांनी गाडी आणल्यावर मारलेला. हिरवा १९९० नंतरचा, घरच्या टोमॅटोची गाडी म्हणून लांबून ओळखू यावी यासाठी.

इथे एक इशारा. जुन्या काळी लोखंडावरच्या अस्तरात शिसं वापरत. शेंदूर म्हणजेच शिशाचं ऑक्साईड. आताचं रेड ऑक्साईड वेगळं, ते लोखंडाचं. दिसायला दोन्ही जवळपास सारखी. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, धूळ उडते आणि ती लहान पोरांना फार घातक. ओलं घासायचं, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक आणि घासलेला गाळ गोळा करून वेगळा ठेवायचा. जनावरांच्या गव्हाणीजवळ हे काम करायचंच नाही.

घासायच्या आधी चेसी नंबर आणि इंजिन नंबर यांच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा, म्हणजे ठसा उमटतो. त्या जागेवर ग्राइंडर कधीही लावू नका. नंबर पुसला की कागदोपत्री गाडी मेली.

हौद्याने काय सांगितलं

सगळ्यात जास्त गंज हौद्यात होता, आणि गंजाची जागा बघून तिथे काय भरलं जायचं ते कळतं. आमच्या हौद्याचा पुढचा भाग, केबिनला लागून, चाळणी झाला होता. खताची पोती तिथे रचायचो. ६० टक्के पालाश असलेल्या एमओपीत जवळजवळ निम्मं वजन क्लोराईडचं असतं. पोतं फुटून सांडलं की ते मीठ सांध्यात बसतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा आतून खातं. लोखंडाचा गंज झाला की त्याचा आकार दुपटीहून जास्त फुगतो, म्हणून सांध्यातला गंज दोन पत्रे एकमेकांपासून उचकटून काढतो. वरून रंग साबूत दिसतो आणि आत माती झालेली असते.

वायरिंगची दुसरी गोष्ट. गोठ्याजवळ उभी असल्याने मुताचा आणि शेणाचा अमोनिया तांब्या-पितळेच्या टोकांना खाऊन गेला होता. सगळी टोकं हिरवी. कृषीचं शिकलेल्या पोरांना यातलं रसायन माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. शेतकऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की फवारणी पंप, ट्रॅक्टर, गाडी यातलं काही गोठ्याला लागून ठेवू नये, आणि खत वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी धुवावा. हे आताच्या नव्या पिकअपलाही लागू आहे.

मागच्या अर्ध्या हौद्याला पत्राच नव्हता, बाभळीच्या फळ्या होत्या. गावच्या सुताराने १९८० च्या दशकात बसवलेल्या. फळ्यांना खाली लोखंडी पट्टी, वर नट बुजवलेले, म्हणजे पोतं फाटू नये. बाजूच्या फाळक्यांना वर जोड देऊन उंची वाढवलेली. ती उंची मोजली तर क्रेटांच्या तीन थरांना बरोबर पुरते. आमच्या जुन्नर तालुक्यात कुकडीचं पाणी आलं तशी बाजरी-हुलग्याच्या रानात भाजी आली. टोमॅटो आधी लाकडी खोक्यांत जायचा, नंतर प्लास्टिकचे क्रेट आले आणि नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटवर भाव बोलला जाऊ लागला. आमच्या फाळक्यावर खालच्या बाजूला खोक्यांच्या दोराचे जुने हूक आहेत, आणि वरच्या जोडावर क्रेटच्या मापाचे नवे. दोन हुकांच्या मधल्या फूटभर जागेत एका पिकाचा बाजार कसा बदलला ते दिसतं. हे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं.

मागच्या पाट्यांत एक पाटा जास्तीचा आहे. बाकीच्यांपेक्षा जाड, वेगळ्या पोलादाचा. म्हणजे ५,००० पौंडांची मर्यादा कागदावर होती आणि माल त्याच्या वर होता. तोही इतिहासच.

घरच्या घरी गंज काढायच्या पद्धती

आता कामाचं. आधी हातोडीने चेसी ठोकून पाहा. ठणठण वाजली तर लोखंड जिवंत, बद्द वाजली तर आत पोकळ. बद्द वाजलेल्या जागेवर खडूने खूण करा. चेसीचा बंद भाग आतून मातीने भरलेला असतो, काळी माती ओल धरून ठेवते. तारेने ती उकरून, पाण्याच्या जोराने धुऊन, उन्हात दोन-चार दिवस वाळवा.

अडकलेल्या नटाला जोर लावायच्या आधी डिझेल आणि जुनं ऑईल दोन-तीन दिवस पाजत राहा. मधून मधून हलक्या हाताने ठोका. मग नट आधी थोडा आवळायचा आणि मग सोडायचा. पाना मात्र बरोबर मापाचा घ्या. ही गाडी अमेरिकन घडणीची, सगळं इंचात. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना लावला तर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कोपरे गोल करून टाकतो. देशाने वजनमापं दशमान केली ती १९५६ च्या कायद्याने, पण गाड्यांचे नट इंचातच राहिले. जुने ट्रॅक्टर असलेल्या घरात इंची पान्यांचा संच सापडतोच, तो जपून ठेवा.

लहान भागांसाठी सगळ्यात स्वस्त आणि चांगली पद्धत म्हणजे विजेची. प्लास्टिकचा ड्रम, त्यात पाणी, दर लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने मधोमध टांगायचा आणि त्याला बॅटरी चार्जरचा उणे चिमटा. बाजूला भंगारातली साधी लोखंडी पट्टी, तिला अधिक चिमटा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. १२ व्होल्टवर रात्रभर ठेवलं की गंज सुटतो, चांगलं लोखंड तसंच राहतं. दोन गोष्टी पाळा. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. आणि स्टीलची, म्हणजे न गंजणाऱ्या लोखंडाची पट्टी वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आमची दाराची बिजागरं, हूक, ब्रेक पेडल असे सगळे भाग असेच निघाले, आणि एका हुकावर घालणाऱ्या लोहाराची खूणही दिसली. ग्राइंडर लावला असता तर ती गेली असती.

पत्र्याला ठिगळ मारताना एकदम लांब वेल्डिंग ओढू नका, पातळ पत्रा वाकडा होतो. बोटभर अंतरावर टिपके द्या, एक इकडे एक तिकडे, आणि हळूहळू जोडत या. बॅटरीच्या वायरी आधी काढा. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंग करायला जाऊ नका. आत राहिलेली वाफ बॉम्बसारखी फुटते. ते काम माहीतगाराकडे द्या.

ब्रेकच्या बाबतीत जुनेपणाचं कौतुक नको. या गाड्यांना ब्रेक ऑईलची एकच लाइन असते, एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑईल ओल ओढतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या गाडीत चाकातले सिलिंडर आतून गंजलेले असतात. सगळे नळ, रबरं नवीनच घाला. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ड्रम उघडून हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

इंजिनाची गोष्ट

एफसीला मूळ पेट्रोल इंजिन होतं, त्याच १३४ घन इंचाचं, पण सुधारलेलं. आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि धूर काढणारा खाली ब्लॉकमध्ये. आमच्या गाडीत मात्र ते नाही. तिच्यात डिझेल इंजिन आहे, आणि गाडीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पान तेच आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध झालं आणि तेल निर्यात करणाऱ्या देशांनी भाव वाढवले. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होता तो बाराच्या घरात गेला. आपल्याकडे पेट्रोल महागलं, डिझेल स्वस्त राहिलं. पेट्रोलवर चालणारी जीप लिलावात स्वस्तात मिळायची ती याचमुळे, आणि वडिलांना ती परवडली तीही याचमुळे. घेतल्यावर तीन वर्षांत, १९८२ मध्ये, तालुक्याच्या गावी तिचं इंजिन बदललं. तशी नोंदही कागदपत्रांवर करून घेतलेली आहे, कारण इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते.

बसवलं ते इंजिन २,३५० सीसीचं, इंटरनॅशनलच्या घराण्यातलं. ट्रॅक्टरवाल्यांना हे नाव लगेच कळेल. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर इथे आणला. त्याची मूळ घडण ब्रिटनच्या कारखान्यातली. त्याच ट्रॅक्टरच्या इंजिनावरून केलेलं डिझेल इंजिन पुढे कंपनीने जीपलाही दिलं. म्हणजे शेतात नांगर ओढणारं आणि रस्त्यावर माल ओढणारं इंजिन सख्खे भाऊ झाले. पंप, नोझल, रिंगा हे भाग गावात मिळायचे, आणि ट्रॅक्टरचा मिस्त्रीच गाडीचा मिस्त्री झाला. अमेरिकेत विलीजने एकाच गाडीत ट्रॅक्टर आणि मालगाडी करायचा जो घाट घातला होता, तो आपल्या तालुक्यात असा उलट्या बाजूने पुरा झाला.

वीस वर्षं बंद असलेलं इंजिन मोकळं करायला घाई करू नये. आम्ही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑईल सोडलं, पंधरा दिवस मुरू दिलं आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने थोडं थोडं फिरवलं. गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तसं केलं तर अडकलेली रिंग तुटते, कधी रॉड वाकतो. नको.

मूळ कोणतं धरायचं?

आता खरा प्रश्न. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांनीच बाहेर काढायची. नियमाचा रोख दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या चारचाकीवर आहे, म्हणून मालवाहू पिकअपच्या मालकाने आधी आरटीओत विचारून घ्यावं. आणि मोठी अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको.

ही अट वाईट आहे असं मी म्हणत नाही. अट नसती तर कुणीही काहीही जोडून जुनी गाडी म्हणून विकलं असतं. ज्यांच्याकडे मूळ पेट्रोल इंजिनाची, न छेडलेली गाडी आहे त्यांनी ती तशीच ठेवावी, एक नटही उगाच बदलू नये. अशा गाड्या फार थोड्या राहिल्या आहेत.

पण शेतातल्या गाडीचं काय? आमचं जुनं पेट्रोल इंजिन शेडमध्ये गोणपाटाखाली आहे. मुलाचं म्हणणं होतं की तेच परत बसवू, बाभळीच्या फळ्या काढून पत्रा घालू, फाळक्यांची उंची कापू, राखाडी रंग देऊ. गाडी १९७१ ला कारखान्यातून निघाली तशी होईल. बघायला छान दिसली असती. त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, आठवडाभर दोघांनी त्यावर वाद घातला. माझं म्हणणं असं होतं की कारखान्यातून निघालेली गाडी कंपनीच्या कागदांत आणि फोटोंत जिवंत आहे, ती तिथे कुणालाही बघता येते. १९७३ च्या तेलाने बदललेली, कुकडीच्या पाण्याने बदललेली, क्रेटने बदललेली गाडी फक्त आमच्या शेडमध्ये आहे. ती पुसली तर दुसरीकडे कुठेही नाही. पिकअप जन्मालाच आली ती शेतकऱ्याने गाडी कापून पेटी ठोकली म्हणून. त्या जातीच्या वस्तूला कारखान्याचंच रूप खरं आणि शेताचं रूप बिघाड, असं कसं म्हणायचं?

शेवटी ठरलं ते असं. डिझेल इंजिन राहील. फळ्या कुजल्या होत्या तेवढ्याच बदलल्या, त्याही बाभळीच्याच. फाळके तसेच. हिरवा रंग, पण दारावर रंगाची कडी दिसणारी ती रुपयाएवढी जागा वरून वॉर्निश देऊन तशीच ठेवली. पेट्रोल इंजिन साफ करून, ऑईल भरून, लाकडी घोडीवर वेगळं ठेवलंय. व्हीए नंबराच्या मागे लागायचं नाही. गाडी घरच्या रानातल्या वाटेवर चालेल.

गावागावांत भाषेनेही हा इतिहास धरून ठेवलाय. बजाज टेम्पो कंपनीची तीनचाकी १९५८ च्या सुमारास बनू लागली आणि टेम्पो हा शब्द सगळ्याच मालगाड्यांना लागला. १९६९ मध्ये मेटाडोर आली, तिचंही तसंच झालं. २००५ मध्ये टाटाची एस आली, तिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. आता पिकअप म्हटलं की बोलेरोच डोळ्यांपुढे येते. शब्द टिकतात, गाड्या भंगारात जातात.

तुमच्याकडे किंवा शेजारच्या वाडीवर अशी गाडी, जुना ट्रॅक्टर, ऑईल इंजिन असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एक दुपार द्या. वही घ्या. नंबरांचे ठसे, रंगाचे थर, हौद्याची आणि फाळक्यांची मापं, कुठे गंज आहे, कुठला भाग बदलला, कधी, कुणी आणि का, एवढं लिहून काढा. फोटो काढा, चारही बाजूंनी आणि खालून. ज्या मिस्त्रीने, सुताराने, लोहाराने ते काम केलं तो हयात असेल तर त्याला गाडीपाशी आणून विचारा. आमच्या फळ्या बसवणारे सुतारबाबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी नट बुजवलेली जागा बोटाने चाचपली आणि कुठल्या बाभळीच्या त्या फळ्या, ती कुणाच्या बांधावर होती, हे सगळं सांगितलं. ते मी वहीत उतरवून घेतलंय. गाडी नंतर विकायची की ठेवायची, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. वही मात्र घरात राहू द्या.